दोन हिसके

गिरणीच्या भिंतीवर कुणीतरी कागद चिकटवून गेलं होतं. त्यावर पीठ बसलं होतं, म्हणून विहीरवाल्याने तो आधी बाहीने पुसला आणि मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वडिलांसाठी मोफत कामाचं शिक्षण. नंतर नोकरीसाठी मदत. सहा आठवडे. एकही खाडा चालणार नाही.

"फक्त बापांसाठीच का?" त्याने गिरणीवाल्याला विचारलं.

"तसंच लिहिलंय. बाप असल्याचा पुरावा न्यावा लागतो म्हणे."

"पुरावा घरी बसलाय. सात वर्षांचा आहे आणि सकाळपासून डोकं खातोय."

गिरणीवाला हसला. विहीरवाल्याला मात्र हसू आलं नाही, कारण त्या पुराव्यावरूनच घरात आठवडाभर धुसफूस चालली होती.

त्याने आजवर चाळीसेक विहिरी खणल्या होत्या. आता मात्र ज्याला पाणी हवं तो बोअरची गाडी बोलवायचा. दोन माणसांनी दोन महिने घाम गाळावा ते काम ती गाडी एका दिवसात करायची आणि वर गावभर धूळ उडवून जायची. दोन उन्हाळे असेच गेले. पहारीला गंज चढला, तळहाताचे घट्टे मऊ पडायला लागले. बायको रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला जायची. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि घर तिच्या बोटांवर चाललं होतं. अशात तिचा थोरला भाऊ आला. बाजाराच्या गावात त्याचं टायरचं दुकान होतं. "पोरीला माझ्याकडे ठेवा," तो म्हणाला. "शाळा हाकेच्या अंतरावर आहे. दाजींचं बस्तान बसलं की घेऊन जा." अगदी गोड शब्दांत म्हणाला. पण गोड शब्दांतली लाथ लाथच असते, आणि ती विहीरवाल्याला नेमकी बसली. बायको हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिचं ते न बोलणं त्याला जास्त लागलं.

"सहा आठवडे द्या," तो मेहुण्याला म्हणाला. "शिक्षण पुरं करतो. कागद हातात आला की पाणीपुरवठ्याच्या कामावर घेणार आहेत. नाही आला, तर तुम्ही म्हणाल तसं."

"शब्द आहे?"

"शब्द आहे."

पोरगी तेव्हा खाटेच्या कडेला बसून सुतळीला बांधलेली बाहुली खाली सोडत होती. बाहुली विहिरीत उतरली होती आणि पोरगी वर दोर धरून गप्प बसली होती. हा खेळ बापाने शिकवलेला. विहिरीच्या कामात एक जण खाली उतरतो आणि एक जण वर दोर धरतो. धरणारा गप्पा मारत नाही, मागे वळत नाही, नाकावर माशी बसली तरी हात काढत नाही. खालच्याने दोराला दोन हिसके दिले की ओढायचं, आणि त्याचा हात काठावर दिसला की मगच सोडायचं. या कामाची पोथी म्हणाल तर एवढीच.

विहीरवाल्याचा जोडीदार एकच होता. वीस वर्षांचे असल्यापासून दोघं एका दोराच्या दोन टोकांना होते. पुढे दोन बहिणी दोघांनी केल्या, त्यामुळे साडू झाले, पण ते नातं मागाहूनचं. साडूलाही पोर होतं, दीड वर्षाचं. दोघांनीही शिक्षणासाठी नावं दिली.

शिक्षणाचं केंद्र म्हणजे बाजाराच्या गावातलं एक जुनं गोदाम आणि त्याला चिकटून कचेरीच्या चार खोल्या. अठरा बाप जमले होते. कुणाचं सुतारकाम बसलेलं, कुणाचा विडीचा कारखाना बंद पडलेला, एक जण बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा. कचेरी एका मॅडमच्या ताब्यात होती. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यामागे सारखी घाई लागलेली असायची आणि त्यांच्या गळ्यात सारखा फोन लटकलेला असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला पिवळा टीशर्ट दिला. छातीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'मी जबाबदार बाप'.

"मॅडम, एक विचारू?" विहीरवाला म्हणाला. "हा घालायच्या आधी मी कोण होतो?"

ढोलवाला खो खो हसला. मॅडमचा चेहरा पडला. "अहो, तसा अर्थ नाही त्याचा. फोटोसाठी आहे तो."

"मग ठीक." विहीरवाल्याने टीशर्ट घातला, पण उलटा करून. शिवण बाहेर, अक्षरं आत. सहा आठवडे त्याने तो तसाच घातला. केंद्राच्या बहुतेक फोटोंत कडेला एक बाप दिसतो, त्याच्या छातीवर काहीच लिहिलेलं नाही.

शिकवायला मास्तर होते. निवृत्त फिटर, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. मोटार उघडायची कशी, पाइपाला आटे पाडायचे कसे, वायसर कुठे गळतो आणि का गळतो, हे ते तंबाखू चोळत सांगायचे. विहीरवाल्याचे हात जाड, बारीक नट त्यातून निसटायचा, गडगडत जायचा, आणि चाळिशीतला माणूस बाकाखाली गुडघ्यांवर त्याला शोधत फिरायचा. पण त्याला पाणी कळत होतं. पाइपातून ते कुठून येतं, कुठे अडतं, कुठे परत मागे पडतं, हे तो डोळे मिटून सांगायचा. मास्तरांना ते आवडायचं.

फजिती झाली ती तिसऱ्या आठवड्यात. मास्तरांनी चेनपुलीवर एक जड मोटार उचलायला लावली. एका पुलीवर विहीरवाला, दुसरीवर साडू. मोटारी छातीइतक्या वर आल्या.

"आता सोडा चेन," मास्तर म्हणाले. "हिला आत खटका असतो. सोडली तरी माल खाली येत नाही. चला, चहा प्या."

सगळे चहाला गेले. पेले धुवून झाले तरी दोघं आले नाहीत म्हणून मास्तर बघायला आले, तर दोघं साडू आपापली चेन धरून उभे. घाम कानामागून मानेवर उतरतोय, दंड थरथरतायत.

"अरे बाबांनो, सोडा म्हटलं ना!"

"कळतंय मास्तर," विहीरवाला म्हणाला. "हात ऐकत नाहीत."

मास्तरांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मोटार हलली नाही. ती तशी हवेत लटकलेली बघून त्याने पुन्हा चेनकडे हात नेला. एवढ्यात ढोलवाला दारात येऊन उभा राहिला होता. संध्याकाळपर्यंत दोघांना नाव पडलं: गोचीड. एक थोरली गोचीड, एक धाकटी. चिकटली की सुटायची नाही. साडूने ते हसण्यावारी नेलं. विहीरवाल्याला राग आला, पण खोटं नव्हतं, म्हणून तो गिळून बसला.

शेवटच्या शनिवारी परीक्षा आणि लगेच समारंभ. कागद तिथेच मिळणार, तिथेच हजेरीची शेवटची सही, आणि सोमवारी दुपारी पाणीपुरवठ्याला यादी जाणार. गोदामासमोर मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. परीक्षेत प्रत्येक जोडीला एकेक काम वाटून दिलं होतं. दोघां साडूंच्या वाट्याला कचेरीच्या मागची भुयारी टाकी आली. तिच्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व सडला होता, मोटार नुसती हवा ओढायची. दोन महिने कचेरीच्या नळाला पाणी नव्हतं. मॅडम स्वतः बादल्या भरून वर नेत होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. फुकटात काम उरकून घेण्याची ही बरी युक्ती होती, पण काम खरं होतं, म्हणून विहीरवाला खूश होता.

टाकी दोन पुरुष खोल. झाकण काढलं तर आत उतरायच्या कड्या गंजून गळालेल्या. त्यांनी झाकण तासभर उघडं ठेवलं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडला.

"दिवसाढवळ्या दिवा कशाला?" मॅडम जाता जाता म्हणाल्या. "उरका हो. साहेब कधीही येतील."

"हवा बघतोय मॅडम. दिवा जगला तर माणूस जगतो."

कंदील नीट जळत राहिला. मग साडूने कमरेला दोर बांधला, नवा व्हॉल्व पिशवीत घातला, पाना दातात धरला आणि उतरला. खाली कमरेइतकं पाणी होतं. विहीरवाल्याने पाय रोवले, दोर पाठीमागून घेतला आणि धरून उभा राहिला.

नट गंजलेला होता. खालून ठोकल्याचा आवाज यायला लागला. आणि नेमकी तेव्हाच मोठ्या साहेबांची गाडी आली, ठरल्या वेळेच्या बरीच आधी. मांडवात टाळ्या वाजल्या. भोंग्यातून भाषण सुरू झालं. बाप कसा असावा हे साहेब सांगत होते. विहीरवाल्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि डोळे चुरचुरत होते. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. सुताराचं नाव, टाळ्या. ढोलवाल्याचं नाव, टाळ्या. त्यानंतर त्याचं.

त्याचं नाव तीनदा पुकारलं. एवढ्या मोठ्याने त्याचं नाव आजवर कुणीच घेतलं नव्हतं. तो वळला नाही.

मॅडम धावत आल्या, मागे शिपाई. "अहो, ऐकू येत नाही का? चला लवकर. साहेब थांबलेत."

"माणूस खाली आहे."

"दोर त्या पाइपाला बांधा आणि या. दोन मिनिटांचं काम आहे."

"तो पाइप गंजलाय."

"मग याच्याकडे द्या." शिपायाने हात पुढे केला. त्याच्या हातात समारंभाचा हार होता, तो त्याने घाईने काखेत धरला.

"याने कधी धरलाय दोर?" विहीरवाला म्हणाला. "माणूस लटकलेला असताना दोर हातातून हातात जात नाही, मॅडम. तुम्ही मागे व्हा, सावली पडतेय."

"शेवटची सही नाही तर खाडा लागतो. नियम आहे. नाव गळेल तुमचं, दोघांचंही."

"गळू द्या."

मॅडमनी मांडवाकडे बघितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण साहेब त्याहून मोठे होते. त्या गेल्या. मांडवात फोटो निघाला, गाडी निघून गेली, आणि बऱ्याच वेळाने दोराला दोन हिसके बसले.

साडू वर आला तो चिखलाने माखलेला आणि खुशीत. "बसला बरं का! काय नट होता, माझी आई आठवली." मग त्याने मांडवाकडे बघितलं. खुर्च्या एकावर एक रचल्या जात होत्या. "झालं का सगळं? आणि जेवणाचे डबे?"

"तेही गेले."

साडू काठावर मटकन बसला. काय झालं ते ऐकून तो बराच वेळ पायाचा चिखल काठीने खरवडत राहिला. "दिला असतास शिपायाकडे," तो हळूच म्हणाला.

"तू दिला असतास?"

साडूने काठी फेकली आणि दोर गुंडाळायला घेतला.

रविवारी मेहुणा आला. दारातली भरलेली पिशवी बघून समाधानाने बसला. पोरीचे दोन झगे, पाटी, बाहुली, सगळं त्यात होतं. बायकोने रात्री रडत रडत भरलं होतं आणि नवऱ्याला चार शब्द सुनावलेही होते. सहा आठवडे खाडा नाही आणि शेवटच्या दिवशी यांचा ताठा. विहीरवाल्याने तेव्हा ऐकून घेतलं होतं.

"दाजी, मी काय म्हणतो," मेहुण्याने पाणी पिता पिता सुरुवात केली, "दोन मिनिटांत काय होणार होतं? बरं, झालं का काही?"

"नाही झालं."

"मग?"

"मग काय? मी धरला होता."

"अहो, पण हट्टापायी पोरीचं नुकसान..."

"खाली कोण होतं?" बायको एकदम म्हणाली. ती उंबऱ्यात बसून नखांतली माती काडीने काढत होती. काल तिने हे विचारलंच नव्हतं.

"कोण असणार? तुझ्या बहिणीचा नवरा."

तिची काडी थांबली. ती भावाकडे बघत राहिली. मेहुणा घोटभर पाण्यासाठी पेल्यात डोकावला, पण पेला रिकामा होता.

"दादा, धाकटीचा नवरा होता तो," ती म्हणाली. "तिचं पोर अजून नीट चालतही नाही. ह्यांनी दोर सोडला असता आणि कागद घेऊन घरी आले असते, तर मीच ह्यांना आत घेतलं नसतं."

"म्हणजे शब्द गेला वाऱ्यावर?"

"शब्द मी पाळणार," विहीरवाला म्हणाला. "यादी उद्या दुपारी जाते. उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. पिशवी राहू दे भरलेली."

सकाळी तो दोर खांद्यावर टाकून निघाला तेव्हा बायकोने पोरीला पुढे केलं. वेण्या घातलेल्या, तोंड धुतलेलं. "हिलाही न्या. सगळं बापांसाठीच आहे ना तिथे? मग बघू दे त्यांना, कुणाचा बाप आहे ते."

साडू बसथांब्यावर उभाच होता.

कचेरीत पाऊल टाकलं तेव्हा नळ वाहत होता. मॅडम दोन महिन्यांनी पहिल्यांदा पेले नळाखाली धरून विसळत होत्या. दोघांना बघून त्यांनी नळ बंद केला. टेबलावर यादी पडलेली होती, सोळा नावांची.

"मॅडम, परीक्षा आम्ही दिली," विहीरवाला म्हणाला. "उत्तर तुमच्या नळातून येतंय. आमचे कागद द्या."

"माझ्या हातात नाही हो. हजेरीत सही नाही. वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा, माणूस धरून उभे होते."

"असा रकाना नाही त्यात."

विहीरवाल्याने मान डोलावली. राग आला होता, पण आवाज त्याने चढवला नाही. "बरं. मग शनिवारी आम्ही नव्हतोच. नव्हतो तर आमचं कामही नव्हतं. नवा व्हॉल्व तुमचा, तो काढून टेबलावर आणून ठेवतो. जुना सडका अजून तिथेच काठावर पडलाय, तो होता तसा बसवून देतो. तुमची एक वस्तू नेणार नाही. माझं काम तेवढं परत घेऊन जातो."

"म्हणजे? पाणी बंद करणार?"

"मी कोण बंद करणार? मी तर आलोच नव्हतो."

मास्तर कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. ते उठले, कपाटातून मोठा पाना काढला आणि काही न बोलता विहीरवाल्याच्या हातात दिला.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?" मॅडम म्हणाल्या.

"लहान पान्याने तो नट निघायचा नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडून बसले.

मागच्या अंगणात त्यांनी झाकण काढलं. घाई केली नाही. तासभर हवा लागू दिली, कंदील सोडला, तो जळताना बघितला. पोरगी लांब भिंतीपाशी दगडावर बसली होती. बापाने तिला तिथून हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि ती हलत नव्हती. आज विहीरवाल्याने कमरेला दोर बांधला आणि साडूने पाय रोवले. कचेरीच्या खिडकीत आधी शिपाई दिसला, मग कारकून. थोड्या वेळाने खालून पाना नटाला लागल्याचा आवाज आला. ठण. परत ठण.

वरच्या खोलीत कुणीतरी नळ सोडून बघितला. अजून येत होतं. पण किती वेळ, ते आता खालच्या माणसाच्या हातात होतं.

मॅडम जिन्यावरून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते आणि बोटांना शिक्क्याची शाई लागली होती. "थांबवा त्यांना," त्या साडूला म्हणाल्या. "लिहिलं मी रकान्याच्या बाहेर. जे व्हायचं ते होईल माझं. हे घ्या दोघांचे, आणि यादीत नावंही घातली. हाक मारा त्यांना."

साडूने मान वळवली नाही. दोर पाठीवर ताणलेला, नजर टाकीच्या तोंडावर. मॅडमनी कागद त्याच्या नाकासमोर धरले, तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "हात मोकळा नाही, मॅडम. त्याच्या पोरीकडे द्या."

मॅडमनी कागद मागे घेतले. मग अंगण ओलांडून भिंतीपाशी गेल्या, आणि खाली वाकून ते दोन कागद त्यांनी पोरीच्या हातात दिले.

पोरीने आधी हात झग्याला पुसले होते. तिने वरचा कागद मांडीवर ठेवला आणि एकेक अक्षर लावत बापाचं नाव वाचलं. काना, मात्रा, सगळं जागेवर होतं. मग काकाचं वाचलं. तेही बरोबर होतं.

"सांग ना बाबांना," मॅडम म्हणाल्या. "मार हाक. नाहीतर काढतील ते व्हॉल्व."

एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कसं कळत नाही, असं पोरीने त्यांच्याकडे बघितलं.

"खाली माणूस असताना बोलायचं नसतं," ती कुजबुजली.

मॅडम तिच्याशेजारी दगडावर बसल्या. दोघी गप्प बसून, दोराला दोन हिसके बसायची वाट बघत राहिल्या.